सोनं तोंडातच राहील

बासिलिया चुकिमिया हसली की 'सोळा जुलै' नावाच्या बाजारात तीन रांगा पलीकडच्या माणसालाही कळायचं. आवाजामुळे नव्हे, आवाज त्या बाजारात सगळ्यांचेच मोठे. उंच पठारावरच्या एल आल्तो शहराचं ऊन फार धारदार. ते तिच्या वरच्या चार दातांवर पडलं की लख्खकन चमकायचं. दोन दात पूर्ण सोन्याचे. तिसऱ्याला सोन्याची चौकट, आणि मधून पांढरा दात खिडकीतून डोकावल्यासारखा. चौथ्याच्या, म्हणजे पुढच्या डाव्या दाताच्या सोन्यात चक्क बदामाचा आकार कापलेला. बाकीच्या बायकांच्या तोंडात चांदण्या होत्या, चंद्रकोरी होत्या, साध्या चौकटी तर ढिगानं. बदाम मात्र त्या रांगेत तिच्या एकटीचाच होता.

धंदा चुन्योचा. कडाक्याच्या हिमात बटाटे गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचे, की झाला चुन्यो, वर्षानुवर्षं टिकतो. गावाकडून पोती आली की बाकीच्या बायका चुन्यो मुठीत खुळखुळवून पारखत. बासिलियाचा मुठीवर विश्वास नव्हता. ती एक चुन्यो पुढच्या दातांत धरायची आणि कट्‌कन फोडायची. कोरडा निघाला तर पोतं घ्यायचं, चिवट निघाला तर आल्या वाटेनं परत. "सोन्यानं पारखलेला माल आहे, बघता काय!" असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी चार पावलं जास्त चालून तिच्याकडे येत.

हे दात तिनं एकोणिसाव्या वर्षी बसवून घेतले. त्याआधी सात वर्षं ती खाली ला पास शहरात एका बड्या घरी कामाला होती. बारा वर्षांची पोर, पुढचा एक दात किडलेला. पाहुणे जेवायला बसलेले, कुणीतरी काहीतरी गंमत केली, आणि वाढता वाढता ही खुदकन हसली. मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तोंड झाक गं. जेवणाऱ्यांना मळमळेल." पुढची सात वर्षं बासिलिया तोंडावर हात धरून हसली. शेवटी शेवटी हात धरायचाही कंटाळा आला आणि तिनं हसणंच बंद केलं. नोकरी सोडून वर एल आल्तोला आली, एका पोत्यावर धंदा मांडला, आणि पहिला हंगाम संपल्यावर सरळ मास्तर पोलिकार्पोकडे गेली. पोलिकार्पो म्हणजे दातांचा कारागीर. पायानं फिरवायचं यंत्र, बधिर करायची सुई-बिई काही नाही.

"किडका एकच आहे. सोनं किती दातांना लावू?" पोलिकार्पोनं विचारलं.

"हसल्यावर दिसतील तितक्यांना," बासिलिया म्हणाली.

तीन धडधाकट दात त्यानं कानशीनं घासले. तिनं खुर्चीचे हात धरून सहन केलं. दंतवैद्यकाच्या हिशेबानं ही मोठी चूक होती, आणि ती चूक पुढे तिच्याच लेकीनं एक्स-रे हातात धरून तिला दाखवली. पण त्या दिवशी पोलिकार्पोच्या दारातून ती बाहेर पडली ती रस्ताभर अनोळखी माणसांकडे बघून हसत. कुणी वेडी म्हटलं असेल, तिला पर्वा नव्हती.

लेक एकच, नेल्वी. नवरा लवकर गेला. पोरगी चुन्योच्या पोत्यांवर झोपून मोठी झाली आणि दंतवैद्यकाच्या कॉलेजात गेली. तिसऱ्या वर्षाला मुलांना सरावासाठी रुग्ण आपापले आणावे लागत. नेल्वीनं आईलाच नेलं. बासिलिया खुर्चीत बसलेली असताना एक मोठे प्राध्यापक आले, वाकून तिच्या तोंडात बघितलं आणि त्यांनी कॅमेरा मागवला. ओठ प्लास्टिकच्या आकड्यांनी फाकवून पाच फोटो काढले. झालं. बासिलियानं महिनाभर सगळ्या बाजाराला ऐकवलं.

"कॉलेजच्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी माझ्या दातांचे फोटो घेतलेत. मुलांना शिकवायला!"

"काय शिकवणार आहेत गं त्यातून?" गुमेर्सिंदा विचारायची. ही शेजारी कोकाची पानं विकणारी, नेल्वीची धर्ममाता आणि बासिलियाची जन्माची मैत्रीण.

"दात कसे असावेत ते!"

हा विषय निघाला की नेल्वी उठून भांडी घासायला जायची. पोरीला कामाची आवड लागली म्हणून बासिलिया खूश व्हायची.

पुढे नेल्वी डॉक्टर झाली आणि चुन्योच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत तिनं दवाखाना थाटला. कार्निव्हलच्या मंगळवारी ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याच्यावर बिअर शिंपडायची अशी तिथली रीत, मग तो ट्रक असो की शिवणयंत्र. बासिलियानं दातांच्या खुर्चीला रंगीत कागदी पट्ट्या गुंडाळल्या, पाकळ्या उधळल्या आणि फेसासकट अख्खी बाटली ओतली. बिअर खालच्या बटणात गेली आणि खुर्ची जी आडवी झाली ती दोन दिवस उठेना.

"आई, मशीन आहे ती!"

"मग? मशीनला तहान लागत नाही होय?"

दवाखान्याच्या भिंतीवर नेल्वीनं एका परदेशी बाईचं पोस्टर लावलं होतं, सगळे दात दुधासारखे पांढरे. आणि जिन्यात पाटी: 'सोन्याचं काम इथे होत नाही.' गिऱ्हाइकं ती पाटी वाचून आधी पाटीकडे आणि मग खाली बसलेल्या बासिलियाच्या तोंडाकडे बघायची. नेल्वीचं म्हणणं खोटं नव्हतं. मिरवण्यासाठी चांगला दात कापायचा, वर सोन्याचा पत्रा चढवायचा, मग कडेनं अन्न शिरतं आणि आतल्या आत दात सडतो. हे तिनं शेकडो तोंडांत पाहिलं होतं. पण पाटीमागचं खरं कारण तेवढंच नव्हतं.

मे महिन्यात आचाकाची गावाहून एक पोतं आलं. बासिलियानं नेहमीसारखा एक चुन्यो दातांत धरला आणि फोडला. चुन्योच्या पोटात खडा होता, आणि कट्‌ असा जो आवाज झाला तो चुन्योचा नव्हता. तिनं तळहातावर थुंकलं तर बदामाचा दात, त्याला खाली काळाठिक्कर पडलेला तुकडा चिकटलेला.

नेल्वीनं आईला खुर्चीत बसवून एक्स-रे काढला. बराच वेळ तो उजेडात धरून ती बघत राहिली.

"बदामाच्या दाताचं मूळ उभं चिरलंय. ते काढावं लागणार. त्याच्या शेजारच्या सोन्याखाली कीड आहे, रूट कॅनल करून तो वाचवते. बाकीचे दोन बरे आहेत, पण वरची टोपणं झिजलीत."

"आणि रिकाम्या जागेचं काय?"

"तीन मार्ग आहेत. एक, काढता-घालता येणारी कवळी."

"पेल्यात ठेवायची ती? माझी सासू ठेवायची. सासऱ्यांनी एकदा त्यातलं पाणी पिऊन टाकलं. नको."

"दुसरा, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. सगळ्यात टिकाऊ. पण हाडानं तो धरायला चार-पाच महिने लागतात."

"जुलैत जत्रा आहे माझी. तिसरा सांग."

"तिसरा, पूल. शेजारचे दात तसेही आधीच घासलेले आहेत. त्यांच्या आधारावर मधला दात बसवायचा. नवीन कुठला दात कापावा लागत नाही. हिरडी भरायला दोन महिने, तोवर प्लास्टिकचा तात्पुरता पूल देते."

"मग तोच कर."

"सगळे पांढरे करू या, आई," नेल्वी काम करता करता म्हणाली. "कोणाला कळणारसुद्धा नाही. अगदी मालकीणबाईसारखी दिसशील."

बासिलियाच्या तोंडात कापूस कोंबलेला होता, म्हणून ती काही बोलू शकली नाही. जुनं सोनं, चार तुकडे, तिनं एका काडेपेटीत घालून ब्लाउजच्या आत ठेवलं.

जत्रा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्या वर्षी त्यांच्या गल्लीच्या नाचपथकाची यजमानीण बासिलिया होती. यजमानीण पुढे चालते, बँड तिच्या नावानं वाजतो, जेवण तिच्या घरचं. चौदा वर्षं वाट बघून मिळालेला मान. आणि नेमकी त्याआधी ती तोंडात चार पांढरे प्लास्टिकचे दात घेऊन बाजारात बसली.

पहिल्याच दिवशी एक जुनी गिऱ्हाईक बाई समोर येऊन विचारायला लागली, "इथं ती सोन्याच्या दातांची बाई बसायची, ती कुठं गेली हो?"

"मीच ती."

त्या बाईनं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अरेरे. वाईट झालं हो."

दुसऱ्या दिवशी गुमेर्सिंदा पातेलं भरून चाइरोचं सूप घेऊन आली. "खा. माझ्यापाशी लाजू नकोस."

"अगं, माझं जेवण झालंय."

"हो हो, झालंच असेल," असं म्हणून गुमेर्सिंदानं शालीनं डोळे टिपले.

तेव्हा कुठे बासिलियाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बाजारात बाईच्या तोंडातलं सोनं कधी निघतं? घर गेलं, ट्रक गेला, शिवणयंत्र गेलं, विकायला आता काहीच उरलं नाही, तेव्हा निघतं. लोकांनी आपापसात हिशेब मांडूनही टाकला होता: लेकीची खुर्ची, लेकीच्या मशिनी, पोरीनं आईचं सोनं खाल्लं. बँडचा मास्तर टोपी हातात घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बासिलियाबाई, यंदा माणसं कमी आणली तर चालतील ना? म्हणजे तुम्हाला तेवढंच सोपं." मग पथकातली वडीलधारी मंडळी आली. म्हणाली, यंदाचा मान शेवयावाल्याच्या बायकोला देऊ, तेवढाच तुझा भार हलका.

"माझा भार मी कधी तुमच्या डोक्यावर ठेवलाय?" बासिलिया कडाडली. "मान माझा आहे, माझ्याकडेच राहील. चला, उठा."

मंडळी उठली, पण पुन्हा येतो म्हणून गेली. त्या दिवशी गिऱ्हाइकं तिचा चुन्यो आपल्या मुठीत खुळखुळवून बघत होती. तिच्या मालाची पारख लोकांनी स्वतः करावी असं पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. संध्याकाळी तिनं काडेपेटी उघडून गुमेर्सिंदापुढे धरली.

"बघ. चारही आहेत. विकलेलं नाही काही."

गुमेर्सिंदानं आत डोकावून सुस्कारा सोडला. "आहे खरं. पण काडेपेटीतलं सोनं दिसतं कोणाला?"

बासिलिया तडक जिना चढून वर गेली. नेल्वी हत्यारं पुसत होती. बासिलियानं काडेपेटी तिच्यासमोर आपटली.

"पूल सोन्याचा कर. बदामासकट."

"नाही."

"का नाही?"

"किती वेळा सांगू, आई? सोन्यानं दात सडतात. तुझे तीन चांगले दात त्या माणसानं..."

"त्यानं पत्रा चढवला, तू पत्रा चढवू नकोस. एवढी शिकलीस, तुला सोन्याचा चांगला पूल करता येत नाही?"

नेल्वीला येत होता. सोनं दाताला जितकं घट्ट बसतं तितकं दुसरं काही बसत नाही, हे तिच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं आणि ते तिनं परीक्षेतही लिहिलं होतं.

"येतो," ती शेवटी म्हणाली. "पण लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? खालचे लोक म्हणतायत तू माझं सोनं खाल्लंस!"

"ते नाही. कॉलेजातले. पुढच्या पदवीसाठी मला स्वतः केलेलं एक काम तिथं सगळ्यांसमोर दाखवायचंय. तुझंच दाखवणार होते. पांढरं." नेल्वीनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "आई, तुझा तो फोटो. मोठ्या सरांनी घेतलेला."

"त्याचं काय?"

"दरवर्षी दाखवतात तो. भिंतीएवढा. डोळे नाहीत, नाक नाही, नुसतं तोंड. आणि वर लिहिलंय, 'अज्ञानाचे दागिने'. सर म्हणाले, अशा बायका पोट मारतील पण तोंड मढवतील. सगळा वर्ग हसला."

बासिलियानं खुर्चीचा हात धरला. "तू होतीस?"

"होते."

"ओळखलंस?"

"बदामावरून."

"मग?"

"मीही हसले, आई. मी हसले नसते तर त्यांना कळलं असतं."

बासिलिया खाली आली. तीन दिवस ती लेकीशी एक शब्द बोलली नाही. सूप करायची, वाटी जिन्यात ठेवायची, निघून जायची. लेक हसली याचं दुःख तर होतंच, पण त्याहून जास्त जाळत होतं ते महिनाभराचं मिरवणं. सगळ्या बाजाराला सांगितलं होतं तिनं, मोठ्या डॉक्टरांना माझे दात आवडले. एकटी बसली की तिला ते आठवायचं आणि कान गरम व्हायचे. सात वर्षं तोंडावर हात धरून काढली होती तिनं, आणि तो हात पुन्हा तोंडाकडे जातोय असं तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. एका गिऱ्हाइकाशी बोलताना तो अर्ध्यावर पोचलाही होता. तिथं तिचं टाळकं फिरलं.

चौथ्या दिवशी ती वर गेली.

"तो फोटो अजून दाखवतात?"

"हो."

"तुझं काम कधी दाखवायचंय?"

"जत्रेच्या आदल्या दिवशी."

"माझंच दाखव. सोन्याचं. आणि मी येणार तिथं."

"आई, नापास करतील मला!"

"करू देत. पुन्हा बस. मी चुन्यो विकून पुन्हा शिकवीन, हाय काय आणि नाय काय. पण माझं तोंड त्या भिंतीवर एकटं राहणार नाही."

नेल्वी हातातला छोटा आरसा पुसत राहिली. पुसून पुसून तो लख्ख झाला तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "बदाम मला कापता येत नाही."

"पोलिकार्पोला येतो."

पोलिकार्पो आता ऐंशीचा होता, हात थरथरायचे. जिन्यातली पाटी त्यानं सावकाश वाचली आणि आपली टोपी तिच्यावरच अडकवून ठेवली. सोनं ओतण्याआधी दाताचा आकार मेणात कोरतात. मेण नेल्वीच्या हातात, जीभ पोलिकार्पोची. "वर दोन गोल उंचवटे, उशीसारखे. खाली टोक. इतकं अणकुचीदार नको गं बाई, जीभ कापेल तिची! डॉक्टरीण आहेस की खाटीक?" नेल्वीनं चार वेळा मेण मोडलं. पाचव्या वेळी त्यानं भिंग लावून पाहिलं आणि काहीच बोलला नाही, म्हणजे जमलं होतं. खिडकीतून दिसायला पांढरी सिरॅमिक, बाकी सगळं नवं, जाड, दाताच्या कडेला केसाचीही जागा न सोडणारं सोनं. एकही नवा दात कापला नाही, आणि ते नेल्वीनं आईकडून कबूल करून घेतलं होतं.

निघताना म्हातारा बासिलियाला म्हणाला, "तुझे तीन चांगले दात मी कापले. ही पोरगी सांगते, कापायला नको होते."

"मीच सांगितलं होतं कापायला."

"पण मी तुला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं," बासिलिया म्हणाली, आणि त्यानं मान डोलावून पाटीवरची टोपी काढून घेतली.

नवे दात बसले, पण बासिलियानं ते बाजारात दाखवले नाहीत. दोन दिवस तोंड घट्ट मिटून चुन्यो विकला. गुमेर्सिंदाला वाटलं आता हिची वाचाही गेली, आणि तिनं आणखी एक पातेलं सूप आणलं. बासिलियानं तेही खाल्लं. पहिल्यांदा कुठं हसायचं ते तिनं ठरवलेलं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ती मखमली पोल्येरा म्हणजे घेरदार घागरा, झालरीची शाल आणि डोक्यावर उभी हॅट अशा थाटात कॉलेजच्या सभागृहात पोचली, तिसऱ्या रांगेत बसली. मागच्या पोरानं खांद्यावर टकटक केलं. "मावशी, हॅट काढता का? काही दिसत नाही." बासिलिया मागे न वळता म्हणाली, "थांब जरा. दिसेल."

नेल्वी समोर उभी राहिली. तिनं पहिलंच चित्र लावलं ते सरांचं. भिंतभर तोंड, चार दात, आणि वर तीच अक्षरं. सभागृहात सवयीचा हशा पिकला. पुढच्या रांगेतले मोठे सर मागे रेलून म्हणाले, "वा, माझाच फोटो." नेल्वीनं एक्स-रे दाखवला. चिरलेलं मूळ, सोन्याखालची कीड, सगळं लपवाछपवी न करता. तिन्ही मार्ग सांगितले, पूल का निवडला ते सांगितलं. मग म्हणाली, "पूल सोन्याचा केला. आकार रुग्णाच्या मर्जीचा." आणि पुन्हा तेच मोठं चित्र भिंतीवर लावून बाजूला झाली.

या वेळचा हशा जास्त मोठा होता. सरांनी हात वर करून तो थांबवला. "डॉक्टर नेल्वी, अशा रुग्णांना समजावून सांगणं हेच तर आपलं काम. तुम्ही समजावलं नाहीत?"

"समजावलं, सर. रुग्णाला सगळं कळलेलं होतं. सोनं वाईट बसवलं तर वाईट, हे पुस्तकात आहे. सोनं वाईट, असं कुठल्याच पुस्तकात नाही."

"रुग्ण आणलाय का?"

बासिलिया उठली होती. पोल्येराचा घेर दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना घासत ती खाली आली आणि पडद्यासमोर, स्वतःच्याच भिंतीएवढ्या तोंडाखाली उभी राहिली.

"हा फोटो तुम्हीच घेतलात, डॉक्टरसाहेब. आठवतं? मला वाटलं, तुम्हाला माझे दात आवडले. मी महिनाभर बाजारात सांगत होते."

कुणीतरी मागे फिस्कन हसलं आणि लगेच थांबलं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"फोटोत तुम्ही डोळे ठेवले नाहीत. आता डोळ्यांसकट बघा. मी बासिलिया चुकिमिया. चुन्यो विकते. ही डॉक्टरीणबाई माझी लेक. या, तपासा तिचं काम. फट सापडली तर तिला नापास करा." आणि तिनं तोंड उघडलं.

आता सगळं सभागृह बघत होतं आणि सरांना उठावंच लागलं. त्यांनी बारीक टोकाची सळई आणि टॉर्च घेतली. आधी उगीच वरवर पाहिलं. मग माणूस शेवटी त्या कामातला, राहवेना. दाताची एकेक कड सळईनं चाचपत गेले. सोनं संपतं आणि दात सुरू होतो तिथं सळईचं टोक कुठं अडकतंय का ते दोनदा बघितलं. बदामाची कडही पाहिली.

"काठ चांगला बसलाय," सर शेवटी खालच्या आवाजात म्हणाले. "फारच चांगला बसलाय." मग सळई ठेवली आणि हजारो रुग्णांना सांगतात तसं, सवयीनंच बोलून गेले, "झालं, बाई. आता मिटा तोंड."

"नाही मिटत," बासिलिया म्हणाली.

आणि ती हसली. दिवा तिच्यावरच होता. चारही दात आणि तो बदाम शेवटच्या रांगेपर्यंत लखलखले. सभागृहात कुणीच हसलं नाही, फक्त नेल्वी हसली. याच खोलीत सहा वर्षांपूर्वी हसली होती तीच नेल्वी. हसता हसता ती आईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं त्या सगळ्यांना सांगितलं, "ही माझी आई."